कातरीखाली आलेलं पुस्तक

माझ्या मोठ्या जाऊबाईंना सिनेमावाले सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. बाईमाणसाला मास्तर! पण शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची त्यांची पद्धत, आणि शिवणारी बाई त्यांनी आधी बघितलीच नव्हती, मग दुसरा शब्द आणणार कुठून? त्यामुळे माझ्या थोरल्या दिरांना लोक ‘मास्तरांचे मिस्टर’ म्हणायला लागले. दीर हसायचे. म्हणायचे, “बरंय की, नाव बायकोनं कमवायचं आणि चहा आपण प्यायचा.”

मशीन खरं तर दिरांचं. पण त्यांची नजर लवकर गेली, दोरा सुईत जाईना. तेव्हा जाऊबाई त्यांच्या स्टुलावर जाऊन बसल्या, आणि पुढची चाळीस वर्षं उठल्या नाहीत. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत तीन मशिनं होती आणि कापायला एक लांबलचक टेबल. टेबल कसलं, जुनं दार होतं ते, दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं. त्याची कडी तशीच होती. त्या कडीला जाऊबाई टेप अडकवायच्या. दीर एका कोपऱ्यात बसून बोटांनी चाचपून बटणं लावायचे, आणि एक बटण वाकडं लागलं तर शपथ.

जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं. टेपवरचे आकडे तेवढे यायचे. पण माणूस दारातून आत आला की त्या बघून सांगायच्या, डावा खांदा अर्धा बोट खाली आहे, किंवा या बाईनं नव्या चपला घेतल्यात, कंबर पुढे काढून चालतेय. एकदा घेतलेलं माप त्या कधी विसरल्या नाहीत. कुठं लिहायचंच नव्हतं, विसरून चालणार कसं?

खोलीचे नियम दोन. ज्या घरी काम करायचं त्या घरातून चिंधीसुद्धा न विचारता आणायची नाही. आणि माप घेताना कानावर पडलेलं तिथंच सोडून यायचं. पहिला नियम मला सोपा गेला. दुसरा अवघड, कारण माझं तोंड तुला माहीतच आहे. म्हणून जाऊबाई मला टाचण्या ओठांत धरायला लावायच्या. म्हणायच्या, “टाचण्या आहेत तोवर माझी अब्रू आहे.” मोठमोठ्या घरांतून आम्हाला थेट आतल्या खोलीपर्यंत सोडायचे ते याच दोन नियमांवर.

तर अशाच एका घरी एक नटी राहायची. आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. तेव्हा तिचा फोटो नाही असं दुकान सापडलं नसतं. आणि तिचा नवरा लेखक. पुस्तकं लिहायचा, जाडजूड, शहाण्या लोकांनी वाचायची. लग्न झालं तेव्हा पेपरवाल्यांना काय लिहू नि काय नको असं झालं होतं. रूप आणि अक्कल एका घरात नांदणार म्हणे. पहिली दोन वर्षं नांदलीसुद्धा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, बाईसाहेब उभी राहून माप देतेय आणि हा दाराशी बसून तिला काहीतरी वाचून दाखवतोय. ती हसायची आणि जाऊबाई ओरडायच्या, “हसू नका, छाती हलते, माप चुकेल!”

पुढे ते वाचणं बंद झालं. लोक समारंभात तिला हार घालायचे आणि तिचा कोट याच्या हातात द्यायचे. यालाही ‘बाईसाहेबांचे मिस्टर’ म्हणायला लागले. आमच्या दिरांना जे गोड लागलं ते याच्या घशात अडकलं. तो तिचे सिनेमे बघेनासा झाला. वेळ नाही म्हणायचा. ती त्याची पुस्तकं वाचेनाशी झाली. थकते म्हणायची. आम्ही गेलो की खालच्या खोलीत एकाचा आवाज, वरच्या खोलीत दुसऱ्याचं दार आपटलेलं. जाऊबाई एक अक्षर बोलायच्या नाहीत. फक्त एकदा घरी येताना म्हणाल्या, “चार महिन्यांत दोन बोटं कमी झाली कंबर. जेवत नाही पोरगी.” एवढंच.

आता कागदाचं सांगते. भारी कापड असलं की जाऊबाई आधी कागद कापायच्या. तो टाचून माणसाच्या अंगावर चढवायचा, बसतो का बघायचं, आणि मगच कापडाला कातरी लावायची. त्यासाठी कागद जाड लागतो. लेखकाचा कागद एक नंबर होता, जाड, गुळगुळीत, एकाच बाजूला लिहिलेला. तो लिहायचा कमी आणि फेकायचा जास्त. जाऊबाईंनी त्यालाच विचारलं होतं, “साहेब, टोपलीतला नेऊ का?” तो म्हणाला, “न्या की, निदान काहीतरी होईल त्याचं.” तेव्हापासून ठरलेलं, टोपलीतलं आपलं, टेबलावरचं त्यांचं. दर शनिवारी एक पोतं भरून आणायचो.

एका शनिवारी जाऊबाईंचा गुडघा सुजला होता, म्हणून मी एकटी गेले. खाली दोघांचं जोरात चाललेलं. मी आपली चोरपावलांनी वर गेले. टोपली रिकामी! आणि जमिनीवर खिडकीपासून दारापर्यंत नुसता कागद पसरलेला. ओळीनं चळती. एका चळतीवर शाईची बाटली, एकीवर चष्म्याचं घर, एकीवर कप. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, किती हा पसारा, टोपलीत टाकायचेही कष्ट नकोत याला.

तू हसतोयस, पण माझं डोकं कसं चाललं ते बघ. आमच्या खोलीत टेबलावर असतं ते कापड आणि जमिनीवर पडतं ते कात्रण. जमिनीवरचं झाडून पोत्यात भरायचं, हेच मी रोज करत होते. ठरलं होतं टोपलीचं आणि टेबलाचं. जमिनीबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. मी सगळा कागद गोळा केला, बाटली, कप, चष्म्याचं घर पुसून टेबलावर मांडलं, वर खोली झाडून काढली. आणि पोतं घेऊन आले, छाती फुगवून. जाऊबाई खूश झाल्या. बाईसाहेबांचा राणीचा झगा शिवायचा होता, मखमलीचा, सोळा कळ्यांचा घेर, आणि तेवढा कागद घरात नव्हता. खळ लावून पानाला पान जोडलं आणि दोन दिवसांत सगळं कापून झालं.

गुरुवारी आम्ही तिच्याकडे जायचो, पण त्या गुरुवारी दुपारी तीच आमच्या दारात. ड्रायव्हरला बाहेर थांबवलं आणि सरळ मागच्या खोलीत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “मास्तर, घरी नको. इथंच बघा काय बघायचं ते.”

जाऊबाई म्हणाल्या, “या, उभ्या राहा.” विचारलं काही नाही. कागद टाचायला लागल्या. मी ओठांत टाचण्या धरून एकेक देत होते. दिरांनी बटणांची पेटी उचलली आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

ती आपणहून बोलायला लागली. “सकाळचा पेपर बघितला का?”

“आमच्याकडे कोण बघणार, बाईसाहेब? हात वर.”

“मी त्याचं पुस्तक जाळलं असं छापून आलंय. तीन वर्षं लिहीत होता. भांडण झालं त्या दिवशी तो निघून गेला, मित्राकडे. काल परत आला, तर खोली स्वच्छ. म्हणे मी जाळलं. मला विचारलंसुद्धा नाही त्यानं, मास्तर. आधी पेपरवाल्याला सांगितलं, मग मला.”

“कुठं ठेवलं होतं त्यांनी?”

“जमिनीवर लावून ठेवतो तो. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, ते बघायला.”

देवा! माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या. गिळल्या कशा नाहीत याचं आजही नवल वाटतं. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या बाहीवर वाकलेल्या, आणि त्यांचा हात थांबलेला. त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात बाईसाहेबांनी मान वळवली. दोन बाह्या कापताना कागद एकावर एक ठेवून कापतात, मग एक उलटावी लागते. तसं केलं की एका बाहीची कोरी बाजू बाहेर येते आणि दुसरीची लिहिलेली. तिच्या उजव्या दंडावर नवऱ्याचं अक्षर होतं.

ती वाचायला लागली. खांद्यापासून कोपरापर्यंत वाचलं, मग हात दुमडून मनगटापर्यंत. शेवटच्या ओळी तिनं मोठ्यानं वाचल्या, कुणाला ऐकवायला नाही, विश्वास बसेना म्हणून. काय होतं ते मी सांगणार नाही. तिनं आयुष्यात एकाच माणसाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट होती, आणि त्या माणसानं ती लिहून काढली होती, छापायला.

मी टाचण्या थुंकल्या आणि रडत सगळं सांगून टाकलं. पोतं, चळती, चष्म्याचं घर. तिनं मला ना शिवी दिली ना हात उगारला. अंगावरचे कागद काढले, समोरची बाजू उलटून वाचली, कळ्या वाचल्या. म्हणाली, “मास्तर, चूल पेटलीय का?”

“चहापुरती.”

“मग हे सगळं घाला तिच्यात. मी जाळलं असं छापून आलंच आहे. आता खरंच जाळते. तुमचंही नाव राहील. पोत्यात काय आलं होतं ते आपल्या तिघींशिवाय कुणाला माहीत नाही.”

खोटं कशाला सांगू, मला वाटलं सुटलो! कारण हे बाहेर फुटलं तर काय? मास्तरांच्या घरची बाई लोकांचे कागद उचलते म्हटल्यावर आम्हाला कोण आत घेणार? तीन मशिनं, एवढी माणसं, सगळं त्या दोन नियमांवर उभं होतं, आणि त्यातला एक मी मोडला होता. मी जाऊबाईंना म्हटलं, “जाळा हो, जाऊबाई. बाईसाहेब स्वतः म्हणतायत ना?”

जाऊबाई स्टुलावर बसल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, “बाईसाहेब, माझ्या खोलीत दुसऱ्याचं कापड येतं. जाताना ते कपडा होऊन जातं. राख होऊन आजवर गेलेलं नाही, आणि जाणार नाही. तुम्ही उद्यापासून दुसरा मास्तर बघितला तरी चालेल.”

“मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?”

“मी टेपच्या बाजूची. टेप सांगतो तुम्ही जेवत नाही. का जेवत नाही ते मी कधी विचारलं? नाही ना? मग आता माझंही ऐका. पाठ राहिलीय तुमची. समोरची वाचलीत, बाह्या वाचल्यात. पाठ बघितल्याशिवाय मी कुणालाही कपडा देत नाही.”

बाईसाहेबांनी चिडूनच पाठीचे तुकडे ओढले. पण वाचता येईना. पाठ कापताना काखेजवळच्या मुंढ्याच्या आणि गळ्याच्या गोलाईत ओळी अर्ध्या गेलेल्या. उरलेले तुकडे कात्रणांच्या पोत्यात. मग काय, पोतं उपडं केलं जमिनीवर. जिचा फोटो लोक भिंतीवर लावायचे ती नटी आमच्या फरशीवर मांडी घालून बसली, केसांत चिंध्या अडकल्या तिच्या. ती ओळी वाचून तुकडे शोधत होती आणि तिला अर्ध्या तासात तीनच लागले. जाऊबाईंना एक अक्षर येत नव्हतं, पण कातरी त्यांची होती ना! तुकडा उचलायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि सांगायचं, “हा गळ्याचा. हा डाव्या मुंढ्याचा. हा कमरेच्या चिमटीचा.” पटापट पाठ भरत गेली.

पाठीवरचं बाईसाहेबांनी मोठ्यानं वाचलं, ते मात्र सांगते, कारण ते पुढे पुस्तकात छापून आलं. त्यात एक माणूस होता. बायकोचा सिनेमा लागला की हा दुपारच्या खेळाला एकटाच जायचा, दिवे गेल्यावर आत शिरायचा आणि शेवटच्या ओळीत बसायचा. सगळं थिएटर टाळ्या वाजवायचं, आणि याचे हात मांडीवरून उचलायचेच नाहीत. दिवे लागायच्या आत हा बाहेर. घरी येऊन म्हणायचा, वेळ नव्हता. आणि मग त्यानं लिहिलं होतं की माझ्याइतका हलका माणूस मी दुसरा बघितला नाही.

बाईसाहेबांनी तो तुकडा पाठीत जागेवर बसवला. मग म्हणाली, “सगळे बघितलेत म्हणजे यानं.” आणि ड्रायव्हरला हाक मारली. “जा, साहेबांना घेऊन ये. सांग, पुस्तक सापडलं.”

तो आला तेव्हा पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. दारातच थांबला. बायकोच्या आकाराचं त्याचं पुस्तक जमिनीवर आडवं पसरलेलं, गळा, खांदे, कंबर, सोळा कळ्या. एक कळी उचलून त्यानं स्वतःचं अक्षर बघितलं. मग बायकोला म्हणाला, “तू यांना पाठवलंस?”

मी पुढे झाले. “साहेब, मी उचललं. मला वाटलं...”

जाऊबाईंनी मला हातानं मागे सारलं. “ही माझी धाकटी जाऊ. चूक माझ्या खोलीतली आहे, म्हणजे माझी. बाईसाहेबांना तासापूर्वीपर्यंत पत्ता नव्हता. तुमची एकही ओळ हरवलेली नाही, गोलाईवर तुटलीत तेवढी जोडून घ्या. आणि आता माझं एक काम करा. उद्याच्या पेपरात छापून आणा की बायकोनं पुस्तक जाळलं नाही, मास्तरांनी चुकून कापलं.”

त्यानं विचारलं, “तुमच्या धंद्याचं काय होईल, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. छापा. पेपरात आलं म्हणून माझी कातरी बोथट होत नाही.”

तेवढ्यात आमचे दीर भिंत चाचपत चहा घेऊन आले. म्हणाले, “आपण बाईसाहेबांचे मिस्टर का?” लेखकाचं तोंड कडू झालं. दीर म्हणाले, “मी मास्तरांचा मिस्टर. बसा. आपल्या लोकांना चहा तरी वेळेवर मिळायला हवा.” आणि काय सांगू, तो बसला! बटणांच्या पेटीवर बसून चहा प्यायला, आणि कप खाली ठेवताना हसला. चार वर्षांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

बाईसाहेबांनी बाही उचलली. “हे पान जाणार नाही पुस्तकात.”

“ते पान म्हणजे पुस्तकाचा जीव आहे.”

“माझाही तोच आहे.”

कुणी हटेना. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, “बाही इथं राहील. या घरात कुणाला वाचता येत नाही. याहून बंदोबस्ताची जागा तुम्हाला मिळायची नाही.”

बाईसाहेबांनी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “ठेवा.”

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. दोन घरांनी आपलं कापड परत मागवलं, ते आम्ही चिंधीसकट परत केलं. बाकीच्यांनी चेष्टाच केली. एक जाडी नटी माप देताना म्हणाली, “मास्तर, माझ्या सासूची पत्रं आहेत, जरा कापून न्या की!” जाऊबाई हसल्या, पण त्या दिवसापासून कुणाच्या घरचा कागद त्यांनी आणला नाही. दुकानातून खाकी कागद आणायच्या आणि मला बजावायच्या, “हा आपला आहे. हवा तेवढा जमिनीवर पसर.”

त्या दोघांचं म्हणशील तर आणखी दोन वर्षं एकत्र राहिले आणि मग वेगळे झाले. जे उसवलं होतं ते उसवलंच होतं. पण गाजावाजा न करता झाले, पेपरात एकमेकांबद्दल वावगं बोलले नाहीत. झगा फार सुंदर झाला. बाईसाहेब नंतरही मापाला इथंच यायची. पुढच्या वर्षी कंबर दीड बोट वाढली, तर जाऊबाईंनी पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं.

पुस्तक निघालं तेव्हा लेखकानं एक प्रत पाठवली. जाऊबाईंना ती फार आवडली. मखमल कापताना सरकू नये म्हणून वर ठेवायला अगदी बरोबर वजनाची होती.

वेगळे झाल्यावर बऱ्याच वर्षांनी तो एकदा आला. केस पांढरे झालेले. म्हणाला, “मास्तर, पुस्तक पुन्हा निघतंय. ती बाही मिळेल का?” जाऊबाईंनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “बाही बाईसाहेबांच्या मापाची आहे, साहेब. त्यांना घेऊन या, अंगाला लावून बघू, मग देते.” दिरांबरोबर चहा प्यायला आणि गेला. पुन्हा कधी मागितली नाही.

जाऊबाईंनी शेवटच्या आजारात ती बाही मला दिली. माझ्याकडे देण्यात धोका काहीच नव्हता, मलाही कुठं वाचता येतं? आता जाऊबाई, बाईसाहेब आणि साहेब, तीनही माणसं गेली, आणि या घरात वाचणारा आलाय. तू.

माझ्या पेटीत तळाशी आहे, खाकी कागदात. मी नाही म्हणणार नाही, काढून बघ. कोऱ्या बाजूला जाऊबाईंच्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, खांदा, कोपर, मनगट. एक रेघ वाकडी सापडायची नाही. तेवढ्या बघ, आणि घडी होती तशी घालून ठेव.